बॉनेटखालचे चार वायसर

ब्रॉनी : काका, पुन्हा बॉनेट उघडलंस? सकाळपासून तिसऱ्यांदा. पाणी काय पळून जाणार आहे?

मर्व्ह : बघू दे गं. बेचाळीस डिग्री आहे आज. त्या दिवसापेक्षा एक जास्त.

ब्रॉनी : मोजलंस वाटतं.

मर्व्ह : तूही मोजलंस. बोलली नाहीस एवढंच.

ब्रॉनी : मंगळवारी वर्ष झालं बाबांना जाऊन. आई म्हणते, त्या गाडीचं तोंड बघायचं नाही मला. आणि मी निघाले तिच्यातच बसायला. काका, बाबांना ट्रॅकवर हिच्यात सलग वीस मिनिटं पुरी करता आली नाहीत. एकदासुद्धा नाही. मला ती करायची आहेत. मग आई ही कुणालाही देऊन टाकू दे, मी हूं की चूं करणार नाही.

मर्व्ह : होतील पुरी. आता तापत नाही ती.

ब्रॉनी : सहा वर्षं तुम्ही दोघं हेच म्हणत होतात! एवढीशी डॅटसन, तिच्या पोटात भंगारातल्या युट पिकअपच्या आठ सिलिंडरी इंजिनाचं धूड कोंबलंत. मोठा रेडिएटर झाला, दोन पंखे झाले, ऑइलला वेगळा कूलर झाला. तरी चार फेऱ्या झाल्या की काटा आपला लाल रेघेवर.

मर्व्ह : आता नाही जात म्हटलं ना. हेल्मेट ठेव जरा. हे हातात धर.

ब्रॉनी : काय हे? वायसर?

मर्व्ह : चार आहेत. बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली मीच घातले होते. म्हटलं, बॉनेट काचेकडून दोन बोटं उचललं की गरम हवा निघून जाईल. तुझ्या बापानं, क्लाइव्हनं पाठ थोपटली माझी. म्हणाला, मर्व्ह, डोकं आहे लेका तुला.

ब्रॉनी : सगळेच घालतात की. त्या निळ्या गाडीला पण आहेत बघ.

मर्व्ह : सगळेच घालतात. गाडी उभी असली की वाफ निघताना दिसते आणि आपण खूश. पण गाडी पळायला लागली की वारा काचेवर अडतो आणि त्याच फटीतून उलटा आत शिरतो. मग रेडिएटरमधून आलेली हवा जाणार कुठून? ती कोंडते. गार करायला नवी हवा येतच नाही.

ब्रॉनी : हे तुला कधी कळलं?

मर्व्ह : तो गेल्यावर. झोप लागायची नाही. तुझ्या मार्जीकाकूच्या लोकरीचे बोटबोटभर तुकडे बॉनेटवर चिकटवले आणि गाडी हाणली धरणापर्यंत. काचेजवळचे सगळे तुकडे आत ओढले जात होते गं. माझ्या डोळ्यांसमोर. रस्त्याच्या कडेला थांबलो आणि ढसाढसा रडलो. घरी येऊन वायसर काढले, रेडिएटरच्या कडेच्या फटी स्पंजनं बुजवल्या. एका दुपारचं काम. काटा तेव्हापासून निम्म्यावर. सहा वर्षं मी त्याला भाजत होतो, ब्रॉनी.

ब्रॉनी : तू नाही. हीटर.

मर्व्ह : आणि हीटर कुणी शिकवला त्याला? काटा चढला की आतला हीटर पूर्ण सोडायचा, तेवढीच इंजिनातली उष्णता निघते. मीच शिकवलं. एक्केचाळीस डिग्रीत, त्या जाड सूटमध्ये! इंजिनाला काही झालं नाही. काळीज त्याचं बंद पडलं. तुझ्या आईसमोर मी येत नाही, ते काय उगाच?

ब्रॉनी : काका, पाट्या कुणाच्या हातात होत्या?

मर्व्ह : सोड ते.

ब्रॉनी : नाही सोडणार. बाबांनी खिडकीतून हात काढला, म्हणजे काटा चढला. मग मी ट्रॅककडेच्या भिंतीवरून पाटी दाखवायची. दोनच पाट्या. एक 'हीटर', एक 'आत ये'. मी दाखवीन ते करायचे ते. आईचं एक ऐकलं नाही जन्मात, पण माझी पाटी ऐकायचे.

मर्व्ह : मी तिथं असतो तरी 'हीटर'च दाखवली असती.

ब्रॉनी : तू नव्हतास. पाण्याचे कॅन भरायला गेला होतास. त्या दिवशी पहिल्यांदाच सात फेऱ्या झाल्या तरी हात बाहेर आला नव्हता. आठवीला आला. बारा झाल्या की वीस मिनिटं पुरी. मला वाटलं, आज होतात की! किती खूश होतील बाबा. दोन्ही पाट्या माझ्या हातात होत्या, काका. एवढ्यासाठी. फक्त एवढ्यासाठी मी 'हीटर' दाखवली. आणि बारावी पुरी झालीच नाही.

मर्व्ह : पोरी...

ब्रॉनी : वर्षभर कुणाला बोलले नाही. आईलासुद्धा नाही. आणि तू मला तुझे वायसर सांगतोस!

मर्व्ह : रड. मी आहे इथं. घाई नाही कसली.

ब्रॉनी : आहे. आपल्या गटाला ट्रॅकवर बोलावतायत. हेल्मेट दे.

मर्व्ह : अशी जाऊ नकोस गं.

ब्रॉनी : जाणार. पाट्या तुझ्याकडे राहू देत.

(गाडीचा आवाज दूर जातो, फिरून फिरून भिंतीजवळ येतो. अकरा वेळा. मग गाडी आत येऊन थांबते.)

ब्रॉनी : काय रे हे! एकच फेरी उरली होती! काटा निम्म्यावर आहे, जागचा हलला नाही. मग 'आत ये' का दाखवलीस?

मर्व्ह : ठाऊक होतं मला, गाडी ठीक आहे ते.

ब्रॉनी : मग?

मर्व्ह : एकच फेरी उरली असताना ती पाटी दाखवली की कुणी आत येतं का, बघायचं होतं.

ब्रॉनी : आले ना.

मर्व्ह : आलीस. घे, पाणी पी. अगं, केवढी निथळतेयस! चेहरा बघ, लालबुंद झालाय. काटा निम्म्यावर होता म्हणतेस, मग आत एवढं कसलं तापलं?

ब्रॉनी : हीटर सोडला होता मी. दहाव्या फेरीला.

मर्व्ह : वेड लागलंय का तुला? का?

ब्रॉनी : बाबांना कसं होत असेल, ते बघायला. अर्ध्या फेरीत बंद केला, काका. सोसवेना. डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी तीन फेऱ्या काढल्या तशा. आणि तिन्ही वेळा भिंतीपुढून जाताना मला अंगठा उंचावून दाखवला.