हिरो भिंतीवर आपटायची नोकरी

दोष बाबांचा आहे. सुरेशकाकांचाही आहे, पण ते नुसते निमित्त. तुम्हाला सांगतो, जपानी गेमवरून माझं मन उडवायचं काम एकट्या बाबांनी केलं, तेही माझ्या भल्यासाठी, आणि भल्यासाठी केलेल्या गोष्टीची तक्रार आमच्या घरात ऐकून घेत नाहीत, म्हणून तुमच्याकडे आलोय.

मी इंजिनिअरिंग सोडलं. दुसऱ्या वर्षाला. बाबांची बँक टोकियोत, घर तिथल्याच फुनाबोरी भागात, आणि फुनाबोरीच्या मराठी मंडळींत 'मुलगा सध्या काही करत नाही' असं म्हणण्यापेक्षा चुकीच्या वारी कचरा बाहेर ठेवून जपानी शेजाऱ्यांची बोलणी खाल्लेली परवडतात. गणपतीत सुरेशकाकांनी हातात मोदक घेऊन विचारलंच, "मग अंबरीष, पुढे काय?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "गेम्समध्ये जायचंय. आवड आहे त्याला."

आवड... इतकी वर्षं ज्याला थेरं म्हणत होते, ती एका मोदकात आवड झाली. काका खूश. "अरे, आमच्या ओळखीची कंपनी आहे, टेस्टर हवेत. दिवसभर गेम खेळायचा, ऐश आहे लेका."

लागलो. आठवड्याला अठ्ठावीस तास, कारण डिपेंडंट व्हिसावर तेवढंच चालतं, नाहीतर बाबांनी साठ केले असते. आणि ऐश म्हणजे काय, तर हिरो भिंतीवर आपटायचा. गावात एकशे बारा घरं, प्रत्येक घराच्या प्रत्येक भिंतीवर आपटायचा आणि आरपार जातो का बघायचं. नाही गेला, पुढची भिंत. गेला तर आणखी वाईट, कारण मग आमचे लीडर मोरिता-सान येतात, असे वाकतात की आपल्यालाच अपराधी वाटावं, आणि म्हणतात, "अंबरीष-सान, माफ करा हं, शंभर वेळा आपटून त्यातल्या किती वेळा जातो, तेवढं बघाल का?" बघितलं. एकोणतीस. घरी येऊन आईला म्हटलं, कंटाळा आला, तर बाबा आतून, "कंटाळा कसला? आवड आहे ना तुला?"

आणि त्या हिरोचं नशीब बघा... सोळा वर्षांचा, शिक्षणाचा पत्ता नाही, पण जपानी गेममध्ये बाप पहिल्या अर्ध्या तासात बेपत्ता होतो, म्हणून पोराला जग वाचवता येतं. त्याला कुणी ओळखीने चिकटवत नाही.

हेही सोसलं असतं हो. पण घरी एक गेम होता, माझा आणि ईश्वरीचा. ईश्वरी धाकटी बहीण, आता पंधरा. पुण्यात सुरू केला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, सगळं जपानीत, दोघांनाही ओ की ठो कळायचं नाही, राजा काय बोलला ते आम्हीच ठरवायचो. इथे आल्यावर ती शाळेत जपानी शिकली आणि मला वाचून दाखवायला लागली. शेवटचा राक्षस मुद्दाम राखून ठेवला होता. तिची हायस्कूलची प्रवेश परीक्षा झाली की एकत्र मारायचा. दोन वर्षं हात लावला नाही.

परवा परीक्षा संपली. दप्तर टाकून बसली, कंट्रोलर माझ्या हातात दिला, "दादा, तू." आणि मी काय केलं? हिरोला राक्षसाकडे न्यायचं सोडून महालाच्या खांबावर आपटत बसलो. कळत होतं, पण बोटं थांबेनात. चौथ्या खांबाला तिने कंट्रोलर काढून घेतला. मग राक्षसाने राणीला मारलं, ईश्वरीच्या डोळ्यांत पाणी, आणि मी म्हणालो, "त्याचा झगा खुर्चीतून आरपार जातोय बघ."

तिने डोळे पुसले. मग जपानीत म्हणाली, बाहेरच्या माणसाशी बोलावं तशी, अगदी अदबीने, "कृपया जरा बाहेर बसाल का?"

बाहेर बाबा फोनवर सुरेशकाकांना सांगत होते, "हो हो, मजेत आहे. आवडच आहे त्याला."

ईश्वरीने शेवट एकटीने बघितला. आता ती दार लावून खेळते.