डॉक्टरांना 'नो सर'

दवाखान्याच्या बाकावर हाताला प्लास्टर घातलेला सुतार बसला होता. कान मात्र शेजारच्या वयस्क जोडप्याकडे.

"शेवटी डॉक्टर 'एनी क्वेश्चन?' विचारतील, तेव्हा तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"का? दरवेळी नीट 'नो सर' म्हणतो की मी."

"तेच तर! खांदा दुखतो माझा आणि 'नो सर' तुमचं."

"अगं, तशी रीतच असते. मीटिंग संपली की आमचे साहेब हेच विचारायचे. म्हणजे, उठा आता."

"कुणी कधी काही विचारलंच नाही?"

"एकाने विचारलं होतं. त्याची बदली झाली."

"माझी कुठे करणार बदली? मी विचारणार."

"काय?"

"शिलाई मशीनवर परत कधी बसू? नातीच्या फ्रॉकला बाह्या लावायच्या राहिल्यात."

"आणि कधीच नाही म्हणाले तर?"

"तर तसं कळेल. तीन महिने तुमच्या 'नो सर'वर काढलेत मी."

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. दोघं आत गेली, दार अर्धवट उघडंच राहिलं. सुतार बाकाच्या टोकाला सरकला.

बऱ्याच वेळाने डॉक्टरांचा आवाज आला, "एनी क्वेश्चन?"

म्हातारीने नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याने घसा खाकरला.

"येस सर. हिचा एक आहे. तो झाला की माझे तीन."