बारा मानसांचं वजन

न्हाई सूर्यभान, लेकाला जुन्या विमानानं लंडनला धाडू नका असं मी कुठं म्हनलो — विमान चांगलं हाय, पोचतं. फकस्त लांबच्या वाटेला ते कंपनीला परवडत न्हाई. हे नवं जंबो तेल लई पितं, पन साडेतीनशे मानसांवर वाटून जातं. जुन्यालाबी इंजिनं चार, मानसं मात्र दीडशे — मग तेल भाड्यातनं निघायचं कसं? पोटात माल घालून. मुंबईच्या विमानतळावर बारा वर्सं मी हेच केलं — मानसं किती, माल किती, तेल किती, कागदावर बसवायचं. हिवाळ्यात वारा समोरनं आला की तेल जास्त घ्यावं लागतं, आन मग तेवढं वजन खाली उतरवायचं. न्हाईतर मधी कुठंतरी उतरून तेल भरा — तो खर्च येगळा.

एकाहत्तरच्या जानेवारीत अशीच बारा मानसं मागं ठेवली. त्यात आपल्या मार्थाबाई — व्हय, चर्चमागं राहत्यात त्याच. लेक तिकडं नर्स, बाळंतपन अडलेलं. मी हमालाशी बोलत हुतो ते ऐकलं आन टेबलापाशी आल्या — "भाऊ, नगरकडचे दिसता. मला तेवढं जाऊ द्या." मी काय केलं? इंग्रजीत बोललो. वाऱ्याकडं बोट दाखवलं. पुढचं विमान दोन दिवसांनी. त्या पोचल्या तवा लेक आदल्या दिवशी गेल्ती.

वारा हुताच की, खोटं न्हाई. पन कापडाच्या पेट्या उतरवल्या असत्या तरी भागलं असतं. पेट्या ऱ्हायल्या तर व्यापारी दुसऱ्या कंपनीकडं जातो — मानूस कुठं जातंय? तिकीट काढलेलं, बाकावर बसून ऱ्हातं. साहेबानं सांगितलं म्हनून — न्हाई, साहेब तवा घरी हुता. मीच ठरवलं.

नोकरी सोडून शेवगावला आलो तर पहिल्याच रविवारी त्या दारात, जेवायला बोलवायला. लोकांना सांगत्यात — भाऊंचा काय दोष, वाऱ्यानं केलं. मी खाली मान घालून जेवतो. दोनदा खरं सांगायला म्हनून गेलो, दोनदा भाकरी खाऊन आलो.

असं बघू नका माझ्याकडं. लेकाला जंबोचं तिकीट काढा. आन उठा आता, तुमची तिसगावची गाडी निघंल.