गाडीच्या मागं उभा मानूस

आमचं मूळ गाव मांजरीच. आता त्याला गाव म्हनायचं का काय ते तुमीच ठरवा ताई, कारन आता आमच्या पत्त्यात फेज टू लिवावं लागतं, पन मी जन्मलो तवा समदा ऊस व्हता. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, जमीन न्हाई, इस्टेट न्हाई, आन देनं बी न्हाई. वडील गेले तवा कुनाचा एक रुपया द्यायचा ऱ्हायला नव्हता, आन आई ते असं सांगायची जसं काय त्येंनी माडी बांधली. मी बारावीला इंग्रजीत गेलो आन भरतीत पळालो, पळन्यात पास झालो. तिथं सुभेदार साब म्हनले गाडी आती है क्या, मी म्हनलं ट्रॅक्टर आता है, ते हसले, म्हनले चलेगा. झालं, फौजेत ड्रायव्हर. पार हवालदार हुईपत्तुर तेच केलं, गाडी चालवली.

काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं फौजी म्हंजे बंदूक. मी बंदूक वर्सातनं मोजक्या वेळा हातात घेतली असंल. माझं काम ट्रक. आन फौजेच्या ट्रकचा एक नियम हाय, तो तेवढा ध्यानात ठेवा, कारन फुडचं समदं त्याच्यावर हाय. ड्रायव्हरच्या शेजारी को-ड्रायव्हर असतोच. आन गाडी बॅक घ्यायची म्हनली की को-ड्रायव्हरनं खाली उतरायचं, गाडीच्या मागं जाऊन उभं ऱ्हायचं, हात दावायचा, पाठीमागच्या पत्र्यावर थाप मारायची, मंगच ड्रायव्हरनं क्लच सोडायचा. मोकळं मैदान असू द्या, रिकामं असू द्या, तरी बी. कुनी न उतरता बॅक घेतली आन साबनं बघितलं तर पाठीवर वजनाचा पिठ्ठू बांधून पळायचं. मी पळालोय. एकदाच पळालो, मंग न्हाई.

माझा को-ड्रायव्हर मुरुगन. तमिळनाडूचा, बुटका मानूस, माझ्या खांद्याला लागनारा. त्याची हिंदी माझ्यापेक्षा वाईट, आन आमच्या दोघांची मिळून जी हिंदी व्हायची ती तिसऱ्याला कळायची न्हाई. एकदा डोंगरात फुडचा रस्ता खचला, वळायला जागा न्हाई, एका अंगाला दरी, आन समद्या गाड्या उलट्या मागं घ्यायच्या व्हत्या. मुरुगन उतरला. पत्र्याला एक हात लावून मागं मागं चालत ऱ्हायला, म्हंजे मला आरशात त्याचा हात दिसावा. गाडी घसरली असती तर मी दार उघडून उडी तरी मारली असती, तो पैला खाली गेला असता. रुंद जागा आली तसा तो वर येऊन बसला आन म्हनला बिस्कुट है क्या. व्हतं, दिलं. त्याच्यावर आमी परत कदी बोललो न्हाई, बोलन्यासारखं काय व्हतं त्याच्यात, त्याचं ते काम व्हतं.

आता बस. माझा मेव्हना विलास, हिचा भाऊ, त्यो म्हनला दाजी, हडपसरच्या कंपन्यांना पोरं ने-आन करायला बस लागत्यात, तुमी बस घ्या, मी चालवतो. मी सुट्टीवर आलो, बस बघितली. ताई, इंजिन असं व्हतं की कानाला गोड लागावं. मी खाली झोपून बघितली, तेल बघितलं, गिअर बघितला, पाटे बघितले. ड्रायव्हर लोक असंच करत्यात, आमी गाडी बघतो, धंदा बघत न्हाई. थोडं कर्ज फायनान्स कंपनीचं, बस तारन ठेवून, आन बाकीचं आमच्या पोस्टिंगच्या गावातल्या एका पतपेढीचं. पतपेढी म्हनली नोकरीत असलेला जामीन पायजे. मुरुगन म्हनला किधर साइन करना है. वाचलं बी न्हाई त्यानं. आमच्यात वाचत न्हाईत, नंबर, रँक, नाव, सही, आन चला लंगरला जेवायला. मी त्याच्या भनीच्या लग्नाच्या कर्जाला अशीच सही केली व्हती, त्यानं ते कवाच फेडलं.

बस चालली चांगली. मंग लॉकडाउन लागला आन कंपनीतली पोरं घरात बसून काम करायला लागली. पोरांची काय चूक हाय त्याच्यात. बस आमच्या रस्त्याच्या कडंला उभी. आधी बॅटरी गेली, मंग टायर बसले, मंग खाली कुत्री व्यायली. हप्ता मातूर चालू. मी पगारातनं भरला, मंग हप्ता भरायला दुसरं कर्ज काढलं, त्याच्यासाठी मोबाइलवरचं तिसरं काढलं, जसं समदी करत्यात. लॉकडाउन उठला तरी कंपन्यांनी पैल्यासारख्या बसा लावल्या न्हाईत. शेवटी फायनान्सवाले बस वढून घेऊन गेले, आन विकून बी त्येंचं भागलं न्हाई, उरलेलं माझ्या डोक्यावर.

तवर माझी पेन्शन आली. मानसाला वाटतं पेन्शन म्हंजे सुटका. हिशेब केला तर फौजेकडनं जे एकरकमी मिळनार ते समदं घातलं तरी देनं उरतंच. मंग ही म्हनली, सुनंदा, माझी बायको, की माझ्या मैत्रिनीच्या वळखीच्या एक वकीलबाई हायेत कोथरूडला, त्येंना इचारू, कोर्टात नादारीचा अर्ज करत्यात म्हनं. मी म्हनलं नादारी? वडलांनी काय ठेवलं व्हतं मागं, आन मी हे ठेवू? ही म्हनली वडलांना फोनवर वसुलीवाल्यांच्या शिव्या येत नव्हत्या, तुमी ड्यूटीवर असता, त्या मला येत्यात.

गेलो. शिवाजीनगर कोर्टाच्या बाहेर एका टेबलाशी बाई बसल्या व्हत्या. मी जरा खाली मान घालून बोलाय लागलो तर म्हनल्या, अहो हवालदारसाहेब, नादारी ही शिवी नाही, कायद्यातली सोय आहे, मोठमोठे लोक ती वापरतात आणि नंतर परदेशात जेवायला जातात, तुम्ही मांजरीतच जेवा. मंग नीट समजावलं. अर्ज करायचा, कोर्टाला पटलं तर आपल्याकडं जे काय हाय ते कोर्टानं नेमलेल्या मानसाच्या ताब्यात जातं, त्याच्यातनं ज्येंचं देनं हाय त्येंना वाटत्यात, उरलेल्यातनं फुडं सुटका व्हते. पेन्शनला कुनी हात लावत न्हाई. वसुलीवाले दारात येनं थांबतं. बँकेत बंदूकवाल्या गार्डची नोकरी मातूर अवघड, बाकी ड्रायव्हरकी कुनी अडवत न्हाई. हिचा चेहरा मी बघितला, लई दिवसांनी सैल झाला व्हता.

मी इचारलं, आन जामीनदार? बाई म्हनल्या, जामीनदार सुटत नाही. नादार तुम्ही, तो नव्हे. पतपेढी त्याच्याकडून घेईल. जामीन त्याचसाठी असतो.

घरी आलो. ही म्हनली सही केली तवा त्यो काय ल्हान व्हता का, जामीन म्हंजे काय ते त्याला ठाव न्हवतं का. बरोबर व्हतं तिचं. म्हनली पोरगी नर्सिंगला हाय, तिची फी त्यो मुरुगन भरनार का. ते बी बरोबर. तिच्या बोलन्यात चूक काडाय जागाच नव्हती. मी मुरुगनला फोन लावला, खरं ते सांगितलं. त्याचा नायब सुभेदारीचा नंबर लागायचा व्हता, आन कर्ज बुडीत हाय असं युनिटात कळलं तर साब लोक इचारत्यात, मानसाचं नाव खाली जातं. त्यो म्हनला, डाल दे फाइल, मैं पगार से कटवा लेगा, तू टेन्शन मत ले. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. मी ठरवलं, करायचा अर्ज. त्यो म्हनतोय ना.

आता मिरवनूक. आमच्याकडं फौजी पेन्शनला आला की उघड्या जीपमधनं गावभर फिरवत्यात, फ्लेक्स, हार, डीजे, समदं. मी नको म्हनलं, ऐकतंय कोन. फ्लेक्सवर माझा फोटो केवढा, आन बाजूला गावातल्या समद्यांचे त्याच्यापेक्षा मोठे. मज्जा ऐका, वसुलीवाला त्याच दिवशी आला. गर्दी बघितली, त्यानं बी हार घेतला, जीपवर चढून माझ्या गळ्यात घातला, आन कानात म्हनला, सर, अभिनंदन, उद्या येतो. जेवून गेला.

जीप विलास चालवत व्हता. मारुतीच्या देवळाच्या बोळात डीजेचा टेम्पो फुडं अडकला. विलासनं मागं न बघता रिव्हर्स टाकला. मागं आरतीची ताटं घेऊन बायका व्हत्या, ही व्हती, पोरगी व्हती, आन डीजेच्या आवाजात कुनाचं वरडनं ऐकू येत नव्हतं. मी त्या हारांसकट खाली उडी टाकली, मागं गेलो, पत्र्यावर थापा मारल्या, थांबवला त्याला. मंग बायकांना भिताडाला लावलं आन हात दावत दावत जीप मागं घेतली. माझा जल्म ड्रायव्हरच्या सीटवर गेला ताई, मी मागं कदी उभा ऱ्हायलोच नव्हतो. मागं उभं ऱ्हायल्यावर कळतं गाडी केवढी असती. साधी जीप ती, पन अंगावर येताना मी दोन पावलं जास्तीच मागं सरकलो. आन मुरुगन डोंगरात ट्रकच्या मागं चालला व्हता.

अर्जावर सही करायच्या दिवशी बाईंना इचारलं, पतपेढीचं आधी फेडून मंग अर्ज केला तर? त्या म्हनल्या, एकाला सगळं देऊन लगेच बाकीच्यांपुढे हात वर करता येत नाहीत, कोर्ट तो व्यवहार रद्द करू शकतं. म्हनलं मंग अर्ज ऱ्हाऊ द्या. बाईंनी फाइल मिटली, म्हनल्या, सल्ला तुम्ही घेतला नाहीत, मी मात्र दिला आहे, फी निम्मी द्या. फी दिली. पेन्शनचा भाग विकला, आमच्यात तसंच म्हनत्यात, विकला, म्हंजे आत्ता एकरकमी घ्यायचे आन फुडं दर महिन्याला कमी. ते आन फौजेकडनं आलेलं बाकीचं मिळून पतपेढीचं खातं बंद केलं. मुरुगनला तिथनं कळलं तवा त्याचा फोन आला, क्यों किया रे. मी म्हनलं गाडी साइड लगा दिया. मंग रेंज गेली का त्यानं ठेवला ते ठाव न्हाई.

सुनंदा माझ्याशी कामापुरतं बोलायची. लई दिवस. मला वाईट वाटायचं, खरं सांगतो, पन तिचं चुकत नव्हतं, पोरीच्या फीसाठी तिनं डबे सुरू केले, हडपसरच्या पोरांना चपाती-भाजी, हात भाजले तिचे, माझे न्हाई. मी एका मालकाची बस चालवतो, शाळेची. बाकीच्यांशी हप्ते बांधून घेतले. तो वसुलीवाला अजून येतो, आता चहा मागून घेतो, पोरीला नोकरी लागली का म्हनून इचारतो.

गेल्या दिवाळीनंतर मुरुगन आला. नायब सुभेदार झाला, पुन्यात खांद्याच्या ऑपरेशनला आला व्हता, ते करून घरी निघालेला, एक हात गळ्यात अडकवलेला. म्हनला घर दिखा. जेवला. मंग माझी दुपारची फेरी आली, बस बोळातनं मागं काडायची व्हती. मी सीटवर बसलो आन आरशात बघतो तर हा मानूस, कुनी सांगितलं न्हाई, इचारलं न्हाई, बसच्या मागं जाऊन उभा. चांगल्या हातानं पत्र्यावर दोन थापा. मी क्लच सोडला.

सुनंदा दारात डबे भरत व्हती, तिनं ते बघितलं. संध्याकाळी मला म्हनली, एवढासाच हाय व्हय तो? म्हनलं, एवढासाच हाय. मंग म्हनली, अर्ज करायला पायजे व्हता, माझं मत अजून तेच हाय. आन त्याला रातच्या रेल्वेगाडीत खायला डबा बांधून दिला, दोन मानसांचा.