हालाबे की मेनावुदी

मोरामांगाच्या दवाखान्यातल्या रांगेत व्होलोलोनाच्या मागे एक तरुण आई लेकीला कवटाळून उभी होती. शेजारच्या आजीने तिला विचारलं,

"काय चावलं गं?"

"कोळी, आजी. लाल बुडाची मेनावुदी असली तर पोर जाईल हो माझी!"

व्होलोलोनाने मायलेकींना आपल्या पुढे घेतलं. आजीचे प्रश्न चालूच होते.

"तू पाहिलास कोळी?"

"नवऱ्याने चपलेने चेंदामेंदा केला. मोठा शूर!"

"आणि जाळं?"

"तारेपासून आंब्यापर्यंत, चाकासारखं. पोर खेळताना त्यातच घुसली."

"बाहीला काय चिकटलंय?"

"धागा... पिवळा आहे, आजी. सोन्यासारखा."

"मग ती हालाबे. दिवसभर जाळ्याच्या मधोमध उलटी लटकते. तिच्या चाव्याने कुणी मरत नाही."

"तरी डॉक्टरांना दाखवू ना?"

"दाखव. पण आधी मिठी सैल कर, पोर गुदमरतेय."