डाव्या हाताच्या अक्षता

सांगते गं मैत्रिणींनो, पण हसायचं नाही. रविवारी मोर्शीच्या लग्नात आई डाव्या हातानं अक्षता टाकत होती. मागच्या काकू मोठ्यानं म्हणाल्या, "काहून वं बाई, डाव्या हातानं?" सगळे वळून बघायला लागले. लाजेनं मी आईचा उजवा हात धरला आणि वर ओढला. आई अशी किंचाळली, की मंगलाष्टकच थांबलं.

माझी मावशी नर्स आहे. तिनं आईचा हात हळूच फिरवून पाहिला. "खांदा आखडला हाये, फ्रोझन शोल्डर वाटते. शुगर हाये तुले, अन् घरीच मालिश करून राहिली? उद्याच डॉक्टरले दाखव. कधीपासून वर होत नाही?"

आई म्हणाली, "हिची वेनी घालनं सोडलं तवापासून."

आणि मी तुम्हाला ऐटीत सांगत होते, की मोठी झाले, आता वेणी माझी मीच घालते.