नकाशात नसलेला दूधराज

(भिलाई, जुलै १९६२. शाळेत जीवशास्त्र शिकवणारे कृष्णराव यांच्या क्वार्टरचा व्हरांडा. समोर पोलाद कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड कामाचे मजूर असलेले देवाजी आणि त्यांची अकरावीतली मुलगी सत्यशीला.)

देवाजी: नाही बसत मी. पयले हे सांगा, माह्या पोरीच्या वहीत लाल शाईनं 'खोटी नोंद' कावून लिवलं?

कृष्णराव: खोटी आहे म्हणून. सुट्टीत वीस पक्षी बघून लिहायला सांगितले होते. एकोणीस बरोबर आहेत. विसावा तिनं मनानं रचला.

सत्यशीला: रचला नाही, सर. दूधराज होता तो. सुपेल्याच्या अलीकडे नाल्यावर मोहाचं झाड आहे ना, त्यावर त्याचं घरटं होतं. बारा मेपासून मी रोज जात होते.

कृष्णराव: पुस्तकात त्याला स्वर्गीय नर्तक म्हणतात, तसं म्हण. आणि हे पुस्तक बघ. माशीमार पक्ष्यांपैकी कोण कुठे राहतो, त्याचे नकाशे आहेत. बालाघाटला ठिपका आहे, बस्तरला आहे. आपल्याकडे आहे का कुठे?

देवाजी: हे ठिपके कोनं मारले?

कृष्णराव: ज्यांनी तिथे जाऊन पक्षी पाहिला त्यांनी. मोठी विद्वान माणसं होती ती.

देवाजी: मंग इथं कोनी आलंच नाही असं म्हना ना. पाखरूच नाही असं कावून म्हनता?

कृष्णराव: कोणी आलं नाही कसं? मी चार वर्षं इथे आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत दर रविवारी दुर्बीण घेऊन हिंडतो. एकदाही दिसला नाही.

सत्यशीला: सर, तो गर्मीत येतो, अंडी घालायला. आणि सुट्टी लागली की तुम्ही नागपूरला चालले जाता.

कृष्णराव: उलट बोलू नकोस. बरं, येत असेल. मग हे काय लिहिलंस? 'पांढरा नर आणि तांबडा नर ही एकच जात.' वर्गात मी काय शिकवलं होतं?

सत्यशीला: दोन जाती.

कृष्णराव: मग?

सत्यशीला: मी एक नर पाहिला, त्याची पाठ तांबडी आणि लांब शेपटी पांढरी. आधा इधर, आधा उधर. त्याला कोणत्या जातीत टाकू, सर? मला वाटते, वय झालं की तांबड्याचाच पांढरा होतो.

कृष्णराव: म्हणजे आता अकरावीतली मुलगी वर्गीकरण बदलणार.

देवाजी: वर्गीकरन तुमीच करा, आमाले आदत हाय. कोनता बी फारम भरतो, मी बौद्ध म्हनतो, बाबू जुनी जात लिवते. पन पोरगी महिनाभर उन्हात भाजली, डोयानं पाह्यलं ते लिवलं, आन तुमी हेडमास्तरले चिठ्ठी देल्ली, सायन्समधून नाव काढा म्हनून. अंगाची आग होऊन राह्यली माह्या.

कृष्णराव: आवाज खाली करा, आजूबाजूला लोक आहेत. ठीक आहे. पिल्लं उडाली तरी घरटं झाडावर असेल. आत्ता चला, मला दाखवा. दिसलं की चिठ्ठी परत घेतो.

सत्यशीला: चला, सर. बाबा, निघा.

देवाजी: थांब. जाऊन फायदा नाही.

सत्यशीला: कावून?

देवाजी: झाड नाही आता. तू जूनमदी गोंदियाले मावशीकडं गेली होती, तवा रस्त्यासाठी पाडलं. आमचीच ग्यांग होती. कुऱ्हाड माह्या हातात होती.

सत्यशीला: तुमी पाडलं? आन मले सांगतलं बी नाही?

देवाजी: कोन्त्या तोंडानं सांगू? म्हनून तर आल्यापासून तुले नाल्याकडं जाऊ देलं नाही. मुकादमाले चार दिवस थापा मारल्या, झाडावर आग्यामोहोळ हाय म्हनून. तिन्ही पिल्लं उडताना पाह्यली, मंगच घाव घातला. तो पांढरा नर डोक्यावरून फिरून राह्यला होता.

कृष्णराव: म्हणजे तुम्हीही पाहिला.

देवाजी: पाह्यला. पन माह्या पाह्यन्यानं तुमच्या नकाशात ठिपका थोडीच पडते.

कृष्णराव: हे बघा, मला पोरीचं वाटोळं करायचं नाही. सत्यशीला, नोंदीत फक्त 'पूर्वी' हा शब्द घाल. 'येथे पूर्वी आढळत असे.' मग मी वाद घालणार नाही, चिठ्ठीही परत घेतो.

देवाजी: लिवून टाक, बाई. एक शब्द तर हाय.

सत्यशीला: नाही लिवत.

देवाजी: सायन्स जाईल तुहं.

सत्यशीला: जाऊ द्या. पूर्वी नाही, सर. मागच्या उन्हाळ्यातही मी त्याला त्याच झाडावर पाहिला होता. येत्या मेमध्येही येईल.

कृष्णराव: आणि झाडच नसल्यावर?

सत्यशीला: शोधत फिरेल. तेवढं पाहायला तरी सुट्टीत इथं थांबा.